विसरण गुणांकाचा कागदावरचा अंदाज: बेदाण्याच्या शेडपासून डिस्टिलरीपर्यंत

एप्रिलच्या दुपारी तासगावच्या बेदाणा शेडमध्ये तापमान ३८ अंश सेल्सिअस असताना द्राक्षाच्या सालीबाहेर पडलेले पाण्याचे बाष्प स्थिर हवेच्या पातळ थरातून किती वेगाने पसरेल, असा प्रश्न आला की बहुतेक जण हस्तपुस्तिका उघडतात आणि हवेतील पाण्याच्या बाष्पाचा विसरण गुणांक म्हणून दिलेली ०.२६ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद ही किंमत जशीच्या तशी उचलतात. ती किंमत २५ अंश तापमानाची आणि समुद्रसपाटीवरील दाबाची असते, शेड मात्र समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आणि १३ अंशांनी अधिक तापलेली असते. या दोन कारणांनी खरी किंमत दहा टक्क्यांहून जास्त बदलते. हा फरक कसा काढायचा, आणि पसरणारा पदार्थ व तो ज्यात पसरतो ते माध्यम अशा ज्या जोडीची मोजलेली किंमत कोठेच मिळत नाही तिच्यासाठी निव्वळ रेणुसूत्रावरून अंदाज कसा बांधायचा, हे येथे सांगली परिसरातील उदाहरणे घेऊन मांडले आहे.

अडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या पदार्थाचा एकक क्षेत्रफळातून होणारा प्रवाह त्याच्या संहतीच्या उताराच्या प्रमाणात असतो, आणि त्या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे विसरण गुणांक. त्याचे एकक क्षेत्रफळ भागिले वेळ असे असते. या लेखात सर्वत्र चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद हेच एकक घेतले आहे. चौरस मीटरमध्ये हवे असल्यास उत्तराला दहा हजारांनी भागावे. द्रवांमधील गुणांक इतके लहान असतात की दशांश चिन्हानंतरची शून्ये मोजताना हमखास चूक होते. म्हणून द्रवांसाठी मी त्या एककाचा लक्षांश, म्हणजे एक लाखावा भाग, हे माप वापरतो, आणि द्रवांचे पुढील सर्व आकडे त्याच मापात आहेत.

आकडेमोडीला बसण्यापूर्वी उत्तर कोणत्या पट्ट्यात यायला हवे हे ठाऊक असले पाहिजे. साध्या दाबाला वायूंमधील गुणांक बहुधा ०.०५ ते ०.८ च्या दरम्यान असतो, आणि पाण्यासारख्या पातळ द्रवात लहान व मध्यम रेणूंचा गुणांक अर्ध्या लक्षांशापासून अडीच लक्षांशांपर्यंत असतो. दोहोंत सुमारे दहा हजार पटींचे अंतर आहे. अंतराचा वर्ग भागिले गुणांक इतका साधा हिशोब केला तरी या अंतराचा अर्थ कळतो. शेडच्या हवेत बाष्पाला १ सेंटिमीटर पसरायला तीन-चार सेकंद पुरतात. न ढवळलेल्या थंड पाण्याच्या पेल्यात तळाशी विरघळलेल्या साखरेला तेवढेच अंतर चढायला सव्वादोन दिवसांच्या आसपास वेळ लागतो.

आधी दाब ठरवावा

वायूंच्या बाबतीत गुणांक दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून आपण कोठे उभे आहोत हा प्रश्न पहिला. प्रमाण वातावरणाच्या हिशोबाने ५५० मीटर उंचीवरच्या सांगलीत हवेचा दाब सुमारे ०.९४ ॲटमॉस्फिअर येतो, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात सुमारे १३५० मीटरांवर असलेल्या महाबळेश्वरात तो ०.८५ पर्यंत उतरतो. तापमान सारखेच धरले तर महाबळेश्वरच्या हवेतील कोणताही गुणांक सांगलीपेक्षा दहा टक्क्यांनी मोठा निघेल.

येथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये सांगलीचा दाब १००८ हेक्टोपास्कल असा दिसतो, तो पाहून मी समीकरणात ०.९९५ ॲटमॉस्फिअर घातले होते. हवामान खात्यांच्या नकाशांसाठी सर्व ठिकाणचे दाब समुद्रसपाटीवर आणून दाखवण्याची पद्धत आहे, आणि ॲप तोच आकडा दाखवते. प्रयोगशाळेतील पाऱ्याचा दाबमापक किंवा ज्या फोनमध्ये दाबाचा संवेदक आहे त्याचे थेट वाचन पाहिले असता आकडा ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास मिळतो, आणि समीकरणात तोच घालायचा असतो.

मोजलेली किंमत उपलब्ध असेल तर तिलाच आपल्या तापमानावर आणि दाबावर आणावे, हा मार्ग कोणत्याही सूत्राहून अधिक विश्वासार्ह आहे. साध्या दाबाला वायूंमधील गुणांक केल्विन तापमानाच्या जवळपास १.७५ व्या घाताने वाढतो. २५ अंशांचे २९८.१५ केल्विन आणि ३८ अंशांचे ३११.१५ केल्विन, यांच्या गुणोत्तराचा १.७५ वा घात १.०७८ येतो. ०.२६ ला त्याने गुणून ०.९४ ने भागले की ०.२९८ मिळते. शेडमधील बाष्पासाठी हा आपला पहिला आकडा. सेल्सिअस अंश तसेच घातले तर काय होते हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी कोणी ना कोणी ते करतेच.

वायूंसाठी फुलर पद्धत

मोजलेली किंमत हाती नसेल तेव्हा फुलर, शेटलर आणि गिडिंग्ज यांनी १९६६ मध्ये दिलेले सूत्र सर्वांत सोयीचे पडते, कारण त्याला रेणुभार आणि अणूंच्या विसरण घनफळांची बेरीज याखेरीज काहीच लागत नाही. कृती अशी आहे. केल्विन तापमानाचा १.७५ वा घात काढून त्याला ०.००१ ने गुणावे. दोन्ही घटकांच्या रेणुभारांच्या व्यस्तांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे आणि आधीच्या संख्येला त्याने गुणावे. दोन्ही घटकांच्या विसरण घनफळांची घनमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि त्या बेरजेचा वर्ग करावा. शेवटी पहिल्या गुणाकाराला या वर्गाने आणि ॲटमॉस्फिअरमधील दाबाने भागावे, म्हणजे गुणांक मिळतो.

लागणारी विसरण घनफळे थोडीच आहेत. कार्बन अणूसाठी १६.५, हायड्रोजनसाठी १.९८, ऑक्सिजनसाठी ५.४८ धरतात, आणि रेणूत बेंझिनसारखे सुगंधी कडे असेल तर बेरजेतून २०.२ वजा करतात. काही साध्या रेणूंना मात्र अणूंची बेरीज न करता थेट किंमत द्यायची असते: हवा २०.१, पाणी १२.७, नायट्रोजन १७.९, ऑक्सिजन १६.६, कार्बन डायऑक्साइड २६.९, अमोनिया १४.९, आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देताना निघणारा सल्फर डायऑक्साइड ४१.१.

शेडचे उदाहरण अंकांनी करून पाहू. १.७५ वा घात काढायला शास्त्रीय कॅल्क्युलेटर लागतोच असे नाही. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवरही वर्गमुळाचे बटण असते. ३११.१५ चे वर्गमूळ १७.६३९, त्याचे पुन्हा वर्गमूळ ४.२००, आणि ३११.१५ ला या दोहोंनी गुणले की २३,०५१ हा १.७५ वा घात तयार होतो, कारण एक, अर्धा आणि पाव मिळून पावणेदोन. त्याला ०.००१ ने गुणून २३.०५१. पाण्याचा रेणुभार १८.०२ आणि हवेचा २८.९७, त्यांच्या व्यस्तांची बेरीज ०.०९००, वर्गमूळ ०.३०००. गुणाकार ६.९१६. १२.७ चे घनमूळ २.३३३ आणि २०.१ चे २.७१९, बेरीज ५.०५२, वर्ग २५.५२. ६.९१६ ला २५.५२ ने भागून ०.२७१, आणि ०.९४ ने भागून ०.२८८.

मोजलेल्या किमतीवरून आलेला आकडा ०.२९८ होता आणि निव्वळ सूत्रावरून ०.२८८ आला, म्हणजे फरक सुमारे तीन टक्क्यांचा. फुलर पद्धतीची चूक सामान्य वायूंच्या जोड्यांत बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या आत राहते. म्हणून मी उत्तर लिहिताना तिसऱ्या दशांशाचा हट्ट धरत नाही, ०.२९ लिहून थांबतो.

दुसरे उदाहरण डिस्टिलरीतले घेऊ, कारण साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी असणे हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. साठवण टाकीच्या झडपेपाशी हवेत पसरणाऱ्या इथेनॉलच्या बाष्पाचा गुणांक २५ अंशांना हवा आहे. रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असल्याने विसरण घनफळ ३३.० अधिक ११.८८ अधिक ५.४८, म्हणजे ५०.३६, आणि त्याचे घनमूळ ३.६९३. रेणुभार ४६.०७ धरून व्यस्तांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.२३७१. बाकीची कृती तशीच केली की समुद्रसपाटीवर ०.१२३ आणि सांगलीत ०.१३१ येतो. या जोडीची समुद्रसपाटीच्या दाबाला प्रत्यक्ष मोजलेली मूल्ये ०.१२ ते ०.१३५ च्या दरम्यान विखुरलेली आहेत, त्यामुळे सूत्राला नावे ठेवायला जागा नाही.

आता या पद्धतीतला सर्वांत महागडा घोटाळा. हेच सूत्र पुढच्या काळातील पुस्तकांत दुसऱ्या वेषात छापलेले आढळते. तेथे दाब बारमध्ये असतो, स्थिरांक ०.००१४३ असतो, आणि रेणुभारांसाठी व्यस्तांच्या बेरजेने २ ला भागून मिळणारा सरासरी रेणुभार काढून त्याच्या वर्गमुळाने भागायचे असते. त्या पुस्तकांतील अणूंची विसरण घनफळेही सुधारलेली आहेत: कार्बन १५.९, हायड्रोजन २.३१, ऑक्सिजन ६.११, हवा १९.७ आणि पाणी १३.१. दोन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एका रूपाचा ०.००१४३ हा स्थिरांक घेऊन दुसऱ्या रूपातल्या व्यस्तांच्या बेरजेला जोडला की उत्तर सरळ ४३ टक्क्यांनी फुगते. बाष्पासाठी ०.२५ ऐवजी ०.३६ आलेला असा एक तक्ता मी स्वतः तयार केला होता आणि तो दोन महिने वापरात होता. तेव्हापासून मी तक्त्याच्या माथ्यावर स्थिरांक, दाबाचे एकक आणि घनफळांचा संच हे तिन्ही एकाच ओळीत लिहून ठेवतो, आणि त्यातला एक जरी बदलला तरी तिन्ही बदलतो.

चॅपमन–एन्स्कॉग पद्धत केव्हा वापरावी

वायूंच्या गतिज सिद्धांतातून आलेली ही पद्धत अधिक मुळापासूनची आहे, पण तिला प्रत्येक रेणूचा आघात व्यास आणि आकर्षण ऊर्जेचा आकडा लागतो, आणि ते सर्व रेणूंसाठी मिळत नाहीत. येथे केल्विन तापमानाचा दीड घात घेऊन त्याला ०.००१८५८ ने आणि व्यस्तांच्या बेरजेच्या वर्गमुळाने गुणतात, आणि दाब, दोन्ही व्यासांच्या सरासरीचा वर्ग व आघात समाकल (रेणूंच्या टकरींचा परिणाम दाखवणारी, तक्त्यात मिळणारी संख्या) या तिहींनी भागतात. हा समाकल तापमानानुसार हळूहळू घटतो, म्हणून दीड घात असूनही प्रत्यक्ष वाढ पावणेदोन घाताच्या जवळ जाते.

आंबवण्याच्या टाकीवर साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे उदाहरण या पद्धतीला जमते. हवेचा व्यास ३.७११ आणि कार्बन डायऑक्साइडचा ३.९४१ अँगस्ट्रॉम, सरासरी ३.८२६. ऊर्जेचे आकडे ७८.६ आणि १९५.२ केल्विन, त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १२३.९. तापमान २९८.१५ ला त्याने भागले की २.४१ येते आणि तक्त्यात त्यासमोर समाकल १.०११ सापडतो. समुद्रसपाटीवर गुणांक ०.१५५ निघतो. फुलर पद्धतीने हाच ०.१५७ येतो आणि मोजलेल्या किमती ०.१६ च्या जवळ आहेत. पाणी आणि अल्कोहोल यांसारख्या ध्रुवीय रेणूंसाठी या पद्धतीला आणखी दुरुस्त्या लागतात. म्हणून रोजच्या कामात मी फुलरवरच विसंबतो आणि ही पद्धत पडताळ्यासाठी ठेवतो.

तीन-चार वायूंच्या मिश्रणात एखादा घटक पसरत असेल, तर त्या घटकाचा प्रत्येक इतर वायूशी असलेला गुणांक आधी वेगवेगळा काढावा, मग प्रत्येक वायूच्या मोल अंशाला संबंधित गुणांकाने भागून बेरीज घ्यावी, आणि १ वजा पसरणाऱ्या घटकाचा मोल अंश या संख्येला त्या बेरजेने भागावे. दहा-वीस ॲटमॉस्फिअरच्या पलीकडे मात्र दाबाचे व्यस्त प्रमाण सैल पडू लागते आणि वेगळे संबंध वापरावे लागतात.

द्रवांत श्यानतेचा अंमल

द्रवांमध्ये दाबाचे महत्त्व जवळपास संपते आणि त्याची जागा श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध, घेते. रेणू एकमेकांना चिकटून असल्यामुळे पसरणाऱ्या रेणूला प्रत्येक पावलावर शेजाऱ्यांना बाजूला सारावे लागते. विल्के आणि चँग यांचे १९५५ चे सूत्र या कल्पनेवर उभे आहे आणि विरल द्रावणांसाठी आजही तेच सर्वाधिक वापरले जाते.

लक्षांशांत उत्तर हवे असेल तर कृती अशी: विद्रावकाचा रेणुभार आणि त्याचा संयोजन गुणक यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे, त्याला केल्विन तापमानाने आणि ०.००७४ ने गुणावे, आणि विद्रावकाची सेंटिपॉइजमधील श्यानता व विरघळलेल्या पदार्थाच्या मोलीय घनफळाचा ०.६ वा घात या दोहोंनी भागावे. संयोजन गुणक पाण्यासाठी २.६, मिथेनॉलसाठी १.९, इथेनॉलसाठी १.५ आणि बेंझिनसारख्या द्रवांसाठी १ धरतात. मोलीय घनफळ पदार्थाच्या उत्कलनबिंदूवरचे हवे असते. ते ल बास यांच्या अणुघनफळांवरून जुळवता येते: कार्बन १४.८, हायड्रोजन ३.७, ऑक्सिजन साधारणपणे ७.४, सहा अणूंच्या कड्यासाठी वजा १५ आणि पाच अणूंच्या कड्यासाठी वजा ११.५. फुलरची विसरण घनफळे आणि ही घनफळे वेगळी आहेत, त्यांची अदलाबदल करू नये.

पाण्यातील इथेनॉलचे घनफळ २९.६ अधिक २२.२ अधिक ७.४, म्हणजे ५९.२ घन सेंटिमीटर प्रति मोल. लॉग टेबलातून ५९.२ चा लॉग १.७७२३, त्याला ०.६ ने गुणून १.०६३४, अँटिलॉग ११.५७. पाण्याचा रेणुभार १८.०२ आणि २.६ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ६.८४५. ०.००७४, ६.८४५ आणि २९८.१५ यांचा गुणाकार १५.१०. २५ अंशांना पाण्याची श्यानता ०.८९० सेंटिपॉइज, म्हणून भाजक १०.३०, आणि उत्तर १.४७ लक्षांश.

मोजलेली किंमत १.२४ लक्षांश आहे. अंदाज १८ टक्क्यांनी जास्त आला आणि तो आकडेमोडीच्या चुकीमुळे नव्हे. हेडक आणि लॉडी यांनी १९७४ मध्ये सुचवले की पाण्याचा गुणक २.६ ऐवजी २.२६ धरावा. तसे केल्यास उत्तर १.३७ होते. त्यांचे स्वतःचे, फक्त पाण्यासाठीचे सूत्र आणखी सोपे आहे: १३.२६ ला श्यानतेच्या १.१४ व्या घाताने आणि घनफळाच्या ०.५८९ व्या घाताने भागायचे. तेही १.३७ च देते. पाणी विद्रावक असताना मी आता हेच सूत्र वापरतो आणि उत्तराभोवती दहा-पंधरा टक्क्यांचा पट्टा आखतो.

साखरेकडे वळू, नाहीतर सांगलीत बसून हा विषय लिहिल्याचे समाधान व्हायचे नाही. सुक्रोजच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन आणि दोन कडी आहेत, एक सहा अणूंचे आणि एक पाच अणूंचे. बेरीज ३४०.४, दोन्ही कड्यांची वजावट करून ३१३.९. विल्के–चँग सूत्राने, २.६ हाच गुणक ठेवून, ०.५४ लक्षांश येतो. विरल द्रावणात मोजलेला गुणांक ०.५२ आहे. लहान इथेनॉलपेक्षा मोठ्या सुक्रोजसाठी अंदाज अधिक जवळ यावा याचे मला पहिल्यांदा नवल वाटले होते.

मात्र हा ०.५४ घेऊन कोणी कारखान्यात साखर उकळून आटवतात त्या पॅन हाउसमधल्या घट्ट सिरपाकडे जाऊ नये. ६० ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने ६० टक्के साखर असलेल्या, शुद्ध साखरद्रावणाची श्यानता २० अंशांना ५८ सेंटिपॉइजच्या आसपास असते. ती सूत्रात घातली तर गुणांक पाण्यातल्यापेक्षा साठ-पासष्ट पटींनी घटलेला दिसतो. प्रत्यक्षात गुणांक घटतो, पण श्यानता जितकी वाढली तितका नाही, कारण घट्ट द्रावणात साखरेच्या रेणूंमधल्या फटींतून पाण्याचे लहान रेणू त्यामानाने सहज सरकत राहतात. विल्के–चँग सूत्र विरल द्रावणांसाठी बेतलेले आहे आणि त्याला तेथेच ठेवावे. इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणातही मधल्या प्रमाणांना गुणांक खाली जातो आणि विरल द्रावणातील किमतीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरून पुन्हा वर येतो. दोन टोकांच्या किमती जोडणारी सरळ रेषा तेथे साफ फसवते. सूत्र उलटे फिरवून सेंद्रिय विद्रावकात पाणी कसे पसरते हे काढायला गेल्यास उत्तर खऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून मोठे येऊ शकते.

तापमान बदलताना द्रवांसाठी गुणांक गुणिले श्यानता भागिले केल्विन तापमान ही राशी जवळपास स्थिर धरतात. ४० अंशांना पाण्याची श्यानता ०.६५३ सेंटिपॉइज असते. म्हणून इथेनॉलचा १.२४ हा मोजलेला गुणांक ०.८९० भागिले ०.६५३ ने आणि ३१३.१५ भागिले २९८.१५ ने वाढून १.७८ लक्षांश होतो. १५ अंशांत ४३ टक्क्यांची वाढ झाली. तेवढ्याच तापमानवाढीने हवेतील गुणांक जेमतेम ९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून द्रवांच्या कामात तापमानाची नोंद ढिली असेल तर बाकीची सगळी अचूकता वाया जाते. मळीच्या वॉशसाठी, म्हणजे डिस्टिलरीत आंबवलेल्या मळीच्या द्रवासाठी, तर पाण्याची श्यानता वापरूच नये. ओस्टवाल्ड श्यानतामापकात नमुना घालून ती मोजावी, अर्ध्या तासाचे काम आहे.

क्षारांसाठी वेगळी वाट

मीठ किंवा कार्बोनेट पाण्यात आयनांच्या रूपाने फिरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रेणूच्या घनफळावरची सूत्रे लागू पडत नाहीत. धन आणि ऋण आयन वेगवेगळ्या गतीचे असले तरी विद्युतभार समतोल राखण्यासाठी त्यांना एकमेकांना ओढत न्यावे लागते, आणि क्षाराचा गुणांक दोहोंच्या मधला येतो. दोन्ही आयनांचे गुणांक आणि भारांची बेरीज यांचा गुणाकार करावा, आणि प्रत्येक आयनाचा गुणांक त्याच्याच भाराने गुणून केलेल्या बेरजेने त्याला भागावे. सोडियमचा १.३३ आणि क्लोराइडचा २.०३ घेतला की मिठाचा १.६१ लक्षांश येतो. द्राक्षे बेदाण्यासाठी ज्या डिपिंगच्या द्रावणात बुडवतात त्यातल्या पोटॅशियम कार्बोनेटसाठी पोटॅशियम १.९६ आणि कार्बोनेट ०.९२ घेऊन सुमारे १.४ लक्षांश मिळतो. या किमती अतिविरल द्रावणाच्या आहेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हा १.४ किंवा शेडमधला ०.२९ हे मोकळ्या पाण्यातले आणि मोकळ्या हवेतले आकडे आहेत. द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर, त्याखालचा गर, किंवा उसाच्या चोयट्यातला रस यांच्यातून होणारा प्रवास वेगळा असतो. तेथे सच्छिद्रता आणि वाटांचा वळसा धरून परिणामी गुणांक काढावा लागतो, आणि तो बहुधा प्रयोगातूनच मिळतो. साखर कारखान्यातल्या डिफ्यूझर नावाच्या यंत्रातही बहुतांश रस फुटलेल्या पेशी धुऊन निघतो. खऱ्या विसरणाचा वाटा त्यात लहान असतो, नाव काहीही असो.

नळीतला पडताळा

काढलेला आकडा तपासायचा असेल तर श्टेफान नळी करून पाहावी. त्यासाठी एक अरुंद, सरळ काचनळी, शुद्ध इथेनॉल आणि मिलिमीटरची पट्टी एवढे पुरते. नळी तळाशी बंद असावी आणि द्रवाची पातळी तोंडापासून बरोबर १० सेंटिमीटर खाली ठेवावी. २५ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब ७.८७ किलोपास्कल आणि सांगलीचा हवेचा दाब ९५.२ किलोपास्कल. हवेचा दाब भागिले हवेचा दाब वजा बाष्पदाब, याचा नैसर्गिक लॉग ०.०८६३. गुणांक ०.१३१, हवेतील एकूण मोल संहती ३.८४ लक्षांश मोल प्रति घन सेंटिमीटर, आणि हा लॉग या तिहींच्या गुणाकाराला १० सेंटिमीटरने भागले की प्रति चौरस सेंटिमीटर, प्रति सेकंद किती मोल निघतात ते कळते. त्याला रेणुभाराने गुणून आणि ०.७८५ या घनतेने भागून पातळीचा उतार मिळतो, आणि तो दिवसाला २.२ मिलिमीटर भरतो. पातळी जसजशी खाली जाते तसतसा बाष्पाच्या वाटेची लांबी वाढून उतार मंदावतो. म्हणून चार-पाच दिवसांची वाचने घेऊन अंतराच्या वर्गाचा वेळेशी आलेख काढावा. तो सरळ रेषेत यायला हवा, आणि त्या रेषेच्या चढावरून गुणांक उलटा काढता येतो.

या प्रयोगात पहिल्या वेळी माझी पातळी दिवसाला ३ मिलिमीटरहून अधिक उतरली. नळी छताच्या पंख्याखाली होती आणि वाऱ्याचे भोवरे तोंडातून आत शिरून वाट आखूड करत होते. पंखा बंद करून नळीच्या तोंडाला वारा लागणार नाही असा पुठ्ठ्याचा आडोसा बाजूने केला, वरून झाकण मात्र ठेवले नाही. त्यानंतर मार्च महिन्यातला दिवस-रात्रीचा तापमानातला चढउतार आडवा आला. इथेनॉलचा बाष्पदाब प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे मोकळ्या खोलीत ठेवलेल्या नळीचे वाचन निरुपयोगी ठरते. नळी मोठ्या बादलीभर पाण्यात गळ्यापर्यंत उभी करून पाणी २५ अंशांवर राखावे आणि सकाळ-संध्याकाळ त्याचे तापमान टिपावे. आलेखावरून आलेला गुणांक ०.१३१ पेक्षा पाच-सहा टक्क्यांनी वर किंवा खाली आला, तर सूत्राकडे पाहण्यापूर्वी बादलीतला थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून तो शून्य दाखवतो का ते पाहावे, कारण एका अंशाची चूक तेवढाच फरक पाडते.